कोरडा उंबरा

सौद्यात मला गंडवणारा माणूस उभ्या सातारा-सांगलीत अजून जन्माला यायचाय, असं मी मुलाचं लग्न ठरेपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. मग मला हे व्याही मिळाले. कुपवाडला दुसऱ्याच्या लेथवर उभा राहून मी धंदा शिकलो, पुढे स्वतःची शेड टाकली. भंगारवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत घासाघीस केल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. पण या गृहस्थांनी मला एक गोष्ट कबूल केली, ती आजतागायत दिलेली नाही, आणि वर माझ्याच घरात मलाच कामाला लावलंय.

कोयनेच्या धरणात गाव गेलं तेव्हा व्याही सहा-सात वर्षांचे होते. कऱ्हाडकडे येणारी नदी अडवली, तिचं पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे कोकणात वळवलं, त्यावर वीज होऊ लागली आणि ही मंडळी सांगलीकडच्या माळावर येऊन राहिली. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं तर त्यांच्या जुन्या घराचा दगडी उंबरा उघडा पडतो. त्यावरून व्याह्यांनी साधा हिशेब मांडला आहे: लोक जेवढी वीज जाळतील तेवढं पाणी उतरेल. म्हणून ते कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी बटणं दाबतात. भर दुपारी आमच्याकडे ट्यूब, पंखे, गिझर, सगळं सुरू! मी एकदा ओरडलो, "आवं, बिल मी भरतोय!" तर शांतपणे म्हणाले, "भरा की. पाणी आमचं जातंय, आमी कवा बोललो?"

शेजाऱ्यानं एसी घेतला तर हे नारळ घेऊन अभिनंदनाला गेले. वीज गेली की सारी गल्ली शिव्या देते; हे मात्र घरचं माणूस आजारी पडल्यासारखे गप्प बसतात. एकदा त्यांना महाबळेश्वरला नेलं. सगळे स्ट्रॉबेरी खातायत आणि हे आभाळाकडे डोळे वटारून. कोयना तिथंच उगम पावते ना! वळवाचा एक ढग आला तसे हात उगारून ओरडले, "हितं कशाला मरतोस रं? औंधाच्या दुष्काळाकडं जा की गड्या, तिकडं लोकं वाट बघत्यात!" टॅक्सीवाला खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माझं दुखणं सांगतो. लग्नाच्या बोलणीत मी सांगलीतलं कार्यालय मागितलं. व्याही म्हणाले, "पोरीची पाठवणी माज्या दारातनं हुईल." मी म्हणालो, "दार पाण्यात आहे तुमचं." "उतरंल की. लय उतरंल." अख्खी बैठक तिथंच अडली. शेवटी मी अट घातली: मांडव धरणाच्या काठावर, त्यांच्या चुलतभावाच्या अंगणात; पण पाठवणी कोरड्या उंबऱ्यावरून. माझं वऱ्हाड पाण्यात उतरणार नाही. त्यांनी माझा हात धरून कबूल केलं. त्या उन्हाळ्यात सगळ्या सोयऱ्यांच्या घरी जाऊन त्यांनी किती दिवे लावले असतील, देवाला माहीत.

पाणी उतरलं, पण पुरतं नाही. अक्षता पडल्यावर व्याही फेट्यासकट पाण्यात शिरले. गुडघाभर पाण्यात पायानं चाचपडत फिरले, एका जागी थांबले आणि हाक मारली, "हितं! ये गं बाय!" सून शालू वर धरून गेली. मागून माझा मुलगा गेला. काठावर माझा संताप अनावर झाला होता. भांडायचं म्हणून मीही नव्या बुटांनिशी आत गेलो. जवळ जाऊन बघतो तर व्याही पाण्याखालच्या दगडावर ताठ उभे, लेकीचा हात हातात, आणि डोळे गच्च मिटलेले. माझं भांडण तिथंच राहिलं. बूट गेले ते गेलेच.

पण सौदा कोरड्या उंबऱ्याचा होता. मी दर उन्हाळ्यात आठवण करून देतो आणि ते म्हणतात, "यंदा नक्की!" या वर्षी त्यांचे गुडघे पार गेले. आता घरातल्या घरात चालायलाही दोघं लागतात. आमच्याकडे येणं संपलंच. परवा फोन आला. आवाज खोल गेलेला. "पाव्हणं, पाणी बरं उतरलंय म्हनं."

काल दुपारी बायको ओरडली, "ओसरीवरचा दिवा कुणी लावला एवढ्या उन्हात?"

"राहू दे," मी म्हणालो. "वसुली बाकी आहे माझी."

उंबरा कोरडा पाहिजे. दोघांनी धरून आणलं तरी चालेल, पण त्यावर व्याही उभे पाहिजेत. त्यापेक्षा कमीवर मी ऐकणार नाही.