देवचंदनानांचा केळीचा रस

देवचंदनाना म्हणजे माझे थोरले काका. एरंडोलजवळच्या आमच्या गावात केळीच्या बागेत राबण्यात त्यांचा जन्म गेला. माणूस सरळ, पण हट्टी. एकदा डोक्यात शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही. विडीही तशीच, सुटायची नाही.

१९९६च्या उन्हाळ्यात नानांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. दुखत-खुपत काही नव्हतं. "उष्णता," असं निदान नानांनी स्वतःच केलं आणि केळीच्या खांबाचा रस प्यायला लागले. आठवडाभरात रक्त थांबलं. झालं, नाना वैद्य झाले! शेजारच्या उखर्डूला तोच त्रास निघाला, तर त्यालाही रोज तांब्याभर रस. त्याचंही थांबलं.

"आते काय सारा गावले पाजशात?" लिलाबाई काकू चिडायच्या. नाना मिशीत हसायचे.

दिवाळीनंतर नानांचं रक्त पुन्हा सुरू झालं. काकूंनी भांडून त्यांना जळगावला नेलं, सोबत मी. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, मूत्राशयात कर्करोगाची गाठ होती. ती खरवडून काढली.

बोलण्याजोगे होताच नानांनी विचारलं, "मंग रसनी थांबनं व्हतं ते?"

"ते आपोआप थांबतं, आपोआप सुरू होतं," डॉक्टर म्हणाले. "ही गाठ लबाड असते, देवचंदभाऊ. वाढायला रक्त हवं, म्हणून ती एक द्रव्य सोडते आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. ते फाटे नाजूक, लगेच फुटतात. परदेशात त्या द्रव्यावर संशोधन चाललंय, पण त्याला अडवणारं औषध अजून आपल्या हाती नाही. तोवर गाठ लवकर शोधायची आणि काढायची. तुम्हीही तपासणी चुकवायची नाही."

"म्हंजे रगत थांबनं तरी गाठ वाढस?"

"वाढते."

नाना धडपडत उठून बसले. मला वाटलं, स्वतःच्या जिवाला घाबरले. तर म्हणाले, "उखर्डू!"

गावात आल्यावर ते घरी न जाता थेट उखर्डूच्या ओट्यावर गेले. चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत म्हणाले, "उखर्डू, मन्हा रस खोटा शे. मन्हासंगे जळगावले चाल."

"तुम्हीच पाजेल व्हता, नि आते तुम्हीच खोटा म्हनतस?" उखर्डू म्हणाला. बाकीचे खो खो हसले. मला इतका राग आला, की एकेकाला सुनावावंसं वाटलं. नानांनी मात्र ते हसू मुकाट गिळलं. जन्मात कुणापुढे न वाकलेला हा माणूस रोज सकाळी त्या ओट्यावर जाऊन बसू लागला. शेवटी उखर्डू कंटाळला आणि एसटीत चढला.

त्याच्याही मूत्राशयात गाठ निघाली, पण तुरीच्या दाण्याएवढी. डॉक्टरांनी ती काढली आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत. अजून खोल गेली नव्हती."

स्वतःच्या ऑपरेशनला नानांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या दिवशी मात्र उखर्डूच्या खाटेशी उभे राहून ते लहान मुलासारखे रडले.