दारापासून पहिल्या मशीनपर्यंत

नागपुरात जिमला जाणारे पुष्कळ आहेत, फी भरून न जाणारे त्याहून पुष्कळ. पण दुसऱ्यांना जिमला जाता यावं म्हणून अर्धं आयुष्य फरशीवर ओणवं होऊन काढलेला आणि स्वतः कधी एक बैठकही न मारलेला माणूस या शहरात एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या सासऱ्यांनी थोरल्या मुलीसाठी शोधून काढला. म्हणजे नात्याने माझे साडभाऊ. यांचा धंदा जिम आखून देण्याचा. कोणी रिकामा हॉल घेतला की त्यात ट्रेडमिल कुठे, वजनं कुठे, आरसे कुठे, घामाने थबथबलेला माणूस टेकणार कुठे आणि त्याची मशीन रिकामी व्हायची वाट बघणारा उभा कुठे राहणार, हे सगळं हे ठरवणार. आधी ते साड्यांच्या दुकानांचं फर्निचर करून द्यायचे. त्यातल्या एका दुकानदाराच्या मुलाने साड्या काढून टाकून तिथे जिम केली, आणि साड्यांबरोबर साडभाऊही इकडून तिकडे गेले. देह म्हणाल तर ऐसपैस. नवीन गिऱ्हाईक आधी त्यांच्या पोटाकडे बघायचं, मग सोबत आलेल्या माझ्या पोटाकडे बघायचं, आणि मग विचारायचं, "जिमवाले साहेब मागून येऊन राहिले का?"

मला या माणसाबद्दल पहिल्यापासून भारी कुतूहल. कुठेही गेले तरी ते एकदम आत शिरत नाहीत. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, नाहीतर आमचं घर असो, दारात थबकायचं आणि आतल्या जागेकडे बघत राहायचं. मागे माणसं खोळंबतात, ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पाठीत बोट खुपसते, पण हे हलत नाहीत. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पाटोडीचा रस्सा निवत होता आणि हे स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडून-मिटून बघत होते. म्हणाले, "साडभाऊ, फ्रिज उघडला की मागचा माणूस अडते. घरच्या बाईच्या हातात रश्श्याचा गरम गंज असला तर?" आणि जेवायच्या आधी आम्ही दोघांनी मिळून फ्रिज सरकवला. आता खरं सांगायचं तर फ्रिज त्या नव्या जागीच बरा आहे, पण हे बायकोसमोर मी अजून कबूल केलेलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माणसापेक्षा माणसाचं कोपर मोठं असते." वजन उचलणारा माणूस किती जागा घेतो हे त्याच्या कमरेवरून नाही, कोपरावरून मोजायचं, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकल्यापासून मी बसमध्येही लोकांची कोपरं बघायला लागलो.

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं हो. एकदा पहिल्या मजल्यावर जिम करायची होती आणि खाली दातांचा दवाखाना. डॉक्टर आधीच धास्तावलेले. वरून कोणी डंबेल आपटलं आणि त्याच क्षणी खाली कोणाच्या तोंडात मशीन असली तर काय घ्या! दुसऱ्या कोणी रबराच्या जाड लाद्या टाकून बिल लावलं असतं. साडभाऊंनी मला वर उभं केलं, हातात डंबेल दिलं, आणि स्वतः खाली जाऊन डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून आडवे झाले. फोन सुरू ठेवलेला. "टाका," म्हणाले की मी आपटायचं, "खिडकीकडे सरका," म्हणाले की सरकायचं. मी घामाघूम झालो. आयुष्यात तेवढा व्यायाम मी पुन्हा केलेला नाही. शेवटी पार्किंगच्या वर येणारा एक कोपरा सापडला, जिथे आपटलं तरी खुर्चीत काही जाणवत नव्हतं. वजनांची जागा तिथे ठरली. तेवढ्यात आ वासलेल्या तोंडात डॉक्टरांना एक किडलेली दाढ दिसली, ती त्यांनी लगेच काढली, आणि साडभाऊ गालाला रुमाल लावून वर आले.

पण खरी मजा असायची ती फक्कीची. मैदानावर कबड्डीच्या रेषा आखतात ती पांढरी फक्की घेऊन ते रिकाम्या हॉलमध्ये एकेक मशीन पुऱ्या मापाची आखायचे, आणि रविवारी सकाळी सगळ्या नातेवाइकांना बोलवायचे. मग आम्ही त्या रेषांमध्ये उभं राहून खोटाखोटा व्यायाम करायचा. प्रत्येकाला काम ठरलेलं. माझी बायको रोज येणारी. तिचा भाऊ मशीनवर बसून मोबाईल बघणारा, त्याला तर नाटकही करावं लागत नसे. सासूबाईंना वजनं उचलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जन्मभर घागरी उचलल्या, आता ह्या चुन्याच्या काहून उचलू मी?" तेव्हा त्यांना काउंटरवर बसवलं. हे मध्ये उभे राहून कोण कोणाला अडवतो ते बघणार, पायाने रेष पुसणार, नवी आखणार. एकदा शेजारचा चौकीदार बराच वेळ काचेतून बघत होता. पंधरा-वीस माणसं रिकाम्या हॉलमध्ये गंभीर चेहऱ्याने हवेत हात-पाय मारून राहिली आहेत, हे बघून त्याने शेवटी मला बाहेर बोलावून हळूच विचारलं, "भाऊ, कोणत्या महाराजांचं आहे हे?" नंतर साडभाऊ सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. तर्री इतकी झणझणीत की तो एक व्यायामच.

या खेळात माझं काम मात्र कधी बदललं नाही. मी पहिल्याच दिवशी आलेला माणूस. मी बाहेर जायचं, दार ढकलून आत यायचं, आणि पहिल्या मशीनपर्यंत चालत जायचं. एवढंच. ते मला पुन्हा पुन्हा चालायला लावायचे. "आता काय दिसलं? कोण पाहून राहिलं तुमच्याकडे? हात कुठी ठेवावे वाटले?" मी म्हणायचो, "अहो, हात आपल्या जागी आहेत." ते मान हलवायचे आणि पुन्हा बाहेर पाठवायचे. अख्ख्या जिममधली सगळ्यात अवघड जागा ती, दारापासून पहिल्या मशीनपर्यंतची, असं त्यांचं ठाम मत. तिथे आरसा नको, तिथे दंडातल्या बेडक्या दाखवणारी पोरं नकोत, आणि ती वाट लांब तर मुळीच नको. यावरून नागपूरला लागून असलेल्या बेस्याच्या जिमच्या वेळी जोरात खटका उडाला. ती जिम कन्हानच्या एका मुलीची. वजन उचलण्याच्या स्पर्धा जिंकलेली, बोलायला फटकळ. तिला दारासमोर भिंतभर आरसा हवा होता.

"काका, आरसा पाहूनच तर लोक जिमले येतात," ती म्हणाली.

"जे येतात ते येतात वं. जो दारातून वापस जाते त्याचं काय?"

"कोण जाते वापस?"

साडभाऊ फक्कीचा डबा उचलून दुसरीकडे गेले. आरसा बाजूच्या भिंतीवर गेला, दाराजवळ एक साधी सायकल आली, आणि हट्ट कशाचा होता ते काही मला कळेना. म्हणून परत येताना गाडीत मी सरळ विचारलं. त्यांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "मीच गेलो होतो वापस." शुगर पहिल्यांदा निघाली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. हे नवे बूट घालून एका जिममध्ये गेले. दार उघडलं तर समोर हा एवढा आरसा, त्यात हे अख्खेच्या अख्खे, आणि मागे वळून बघणारी दहा तोंडं. कोणी हसलंसुद्धा नाही. काउंटरवर फी विचारली, उद्या येतो म्हणाले, आणि गेले ते गेलेच. त्यानंतर प्रत्येक जिम आखताना ते मनाशी म्हणत, इथे मी येईन. उद्घाटनाचा पेढा खात, आणि पुन्हा तिकडे फिरकत नसत. इतकी वर्षं मी जो बनून दारातून आत चालत जायचो तो हा माणूस होता तर.

पुढच्याच उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात हृदयाच्या नळीत स्टेंट टाकला. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की औषधं त्यांच्या जागी, पण हा माणूस रोज हलला नाही तर पुढच्या वेळी मी काही शब्द देऊ शकत नाही. ताई ढसाढसा रडली. मग आम्ही सगळे त्यांच्या मागे लागलो. सक्करदऱ्याच्या तलावावर चालायला पाठवलं, तर ते टपरीवर बसून तिथल्या बाकांची जागा कशी चुकली ते लोकांना समजावून सांगत. घरी सायकल आणली, तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. जिमचं नाव काढलं की हसून म्हणायचे, "जाईन गा, जाईन." ताईचं तोंड उतरायचं. मला तर त्यांचा फोन आला की उचलायलाच नको वाटायचं, कारण त्यावरून ताईच काही वाईट सांगेल असं वाटायचं.

शेवटी मी बेस्याच्या त्या मुलीला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, आरशाचं सुद्धा. तिने नुसतं "बरं" म्हटलं. दोन दिवसांनी तिचा साडभाऊंना फोन: काका, दाराजवळची सायकल आवाज करून राहिली, फरशी उतरती झाली की काय, पाहून जा. धंद्याचा प्रश्न, हे टेप घेऊन हजर. ती म्हणाली, "रिकामी असली की आवाज नाही येत, कोणी बसलं की येते. बसा न जरा." हे बसले. आवाज येईना. "जास्त वेळ चालवली की येते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ट्रेडमिल एका बाजूला ओढून राहिली होती. तिसऱ्या दिवशी दोरीचं वजन अडकून राहिलं होतं. मशीनमागून मशीन बिघडत गेली आणि हे टेप खिशात घालून प्रत्येकीवर चढत राहिले, कान देऊन ऐकत राहिले, घाम पुसत राहिले. घरी येऊन ताईला म्हणत, "त्या पोरीले कंपनीनं फसवलं वं. एक मशीन धड नाही." ताई पदरात तोंड लपवून हसायची. पावसाळा सरता सरता त्यांना काय ते उमगलं असावं, कारण एक दिवस टेप घरीच राहिली आणि तरी ते गेले.

आज साडभाऊ ओळखू येत नाहीत. पोट गेलं, शुगर आटोक्यात आली, डॉक्टर खूश. ताई तर त्या मुलीला दर सणाला डबा पाठवते. तर्री बंद झाली, त्याऐवजी मोड आलेले मूग आले. मलाही सांगतात, "काय गा साडभाऊ, या न एक दिवस, त्यात काय आहे एवढं." मी म्हणतो, येईन. धंदाही वाढला. आता ते सगळं कॉम्प्युटरवर काढतात, रविवारच्या सकाळी कोणाला बोलावत नाहीत. सासूबाई अधूनमधून ताईला विचारतात, काय वं, एवढ्यात नाही का कुठी काउंटर?

परवा त्यांच्या एका नव्या जिमचं उद्घाटन होतं. मी दार ढकललं आणि समोर मीच उभा, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत, भिंतभर आरशात. आजूबाजूला वजनं उचलणारी पोरं. पहिली मशीन पार पलीकडच्या टोकाला. मी कसाबसा पेढ्यांच्या टेबलापर्यंत पोचलो आणि त्यांना विचारलं, "आरसा इथे काहून?" ते खरोखरच गोंधळले. "काहून म्हणजे? उजेड चांगला पडते." थट्टा नव्हती, लपवाछपवी नव्हती. त्यांना तिथे आता काही दिसतच नव्हतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात दार उघडलं. चाळिशीचा, चांगला भरलेला एक माणूस, अंगात नवाकोरा टी-शर्ट, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्याने आत बघितलं, आरशात बघितलं, आणि न वाजलेला फोन कानाला लावून "हो हो, निघालोच" म्हणत तो आला तसा परत गेला.

"काम निघालं वाटते त्याचं," साडभाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. स्वतः खाल्ला नाही. पेढा धरलेला त्यांचा हात आता कसा घट्ट, गरम आणि निरोगी लागतो. देवाची कृपा, आमची ताई सुखात आहे, आणि मला याहून काही नको. फक्त त्या दारातून गेलेल्या माणसाला आमचे जुने साडभाऊ एकदा भेटायला हवे होते.