मोजणीवाल्यांचे चाकू

चार माणसं रोज एकाच जीपमधून सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावर, जायला लागली की किस्से जमवावे लागत नाहीत. मोजणी दुपारपर्यंत आटोपते, पण तिथे कोण काय बोललं आणि कोण कुठे घसरलं हे पुढे कित्येक महिने जीपमध्ये चालू राहतं. माझ्याकडे इतके साठलेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही. म्हणून आज फक्त चाकूंचे सांगते.

आधी माणसं. मी भूकरमापक, म्हणजे जमिनीच्या हद्दी मोजून देणारी. आमचे वरिष्ठ पाटणकर साहेब, मूळचे चिपळूणचे, निवृत्तीला टेकलेले. शिपाई गुरव, लांज्याकडचे. झाडीत हरवलेला हद्दीचा दगड त्यांना वासावरून सापडतो, असं साहेब म्हणतात. आणि इकबालभाई. जीप त्यांची, ऑफिसने भाड्याने घेतलेली. आम्ही सगळे त्यांच्या जीपमधले पाहुणे आहोत, हे ते आम्हाला विसरू देत नाहीत.

*

जवळ काहीतरी हत्यार हवं हे पहिल्यांदा कळलं ते पावसकडच्या एका गावात. दोन सख्खे भाऊ, मध्ये एक गडगा, म्हणजे दगड रचलेली कुंपणाची भिंत, आणि अकरा वर्षं बोलणं बंद. गडगा नक्की कोणाच्या हद्दीत, यासाठी मोजणी मागवलेली.

आम्ही कातळावर यंत्र लावलं आणि बघतो तर ते काठीवर पक्कं धरणारा स्क्रूच सैल. यंत्र सारखी मान टाकायला लागलं. नाण्याने आवळून पाहिला, जीपच्या किल्लीने पाहिला. चौघांत मिळून एक स्क्रूड्रायव्हर नाही.

आज मोजणी झाली नाही तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, असं साहेबांनी सांगितल्याबरोबर दोघे भाऊ दोन दिशांना घराकडे पळाले. थोरला परत आला तो स्क्रूड्रायव्हरची नुसती मूठ घेऊन. पुढे लावायची पाती नव्हती. धाकटा आला तो पात्यांची डबी घेऊन, त्याच्याकडे मूठ नव्हती. वडिलांचा सेट होता तो. वाटणीत असा वाटला गेला होता.

दोघे समोरासमोर उभे राहिले. मग थोरल्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "चपटं दे, मोठं."

धाकट्याने दिलं.

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, स्क्रू जरा सावकाश आवळा."

*

त्या दिवसापासून जीपमध्ये एकच विषय. एखादा खिशातला चाकू हवा, ज्यात चार कामाच्या वस्तू असतील. गुरवांना हे पटेना. त्यांच्या कमरेला लाकडी आकडीत अडकवलेली कोयती असते. ते म्हणत, तिने होत नाही असं एकही काम त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही.

थोड्या दिवसांनी साहेबांचा वाढदिवस आला. ऑफिसात केक आणला, पण सोबतची प्लास्टिकची सुरी दुकानदार द्यायला विसरला. गुरवांनी कोयती धुतली, पुसली आणि अदबीने पुढे केली. साहेबांनी दोन्ही हातांनी धरून केक कापला. टाळ्या वाजल्या.

त्याच सकाळी गुरवांनी त्याच कोयतीने घरी फणस फोडला होता. फणसाचा चीक पाण्याने जात नाही, हे कोकणात जन्मलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही त्या क्षणी आठवलं नाही. पात्याचा चीक मुठीपर्यंत आला होता, आणि मुठीवरचा साहेबांच्या बोटांवर.

तेवढ्यात वरच्या ऑफिसातून फोन आला. साहेब "हो सर, आभारी आहे सर" म्हणत राहिले. मग बोलणं संपलं तरी ते फोन कानाला लावून तसेच उभे. चेहरा गंभीर. दोन वर्षांवर निवृत्ती आणि आता बदली, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं.

"गुरव," साहेब म्हणाले, "गोडं तेल आणा."

*

यानंतर साहेबांनी चाकू निवडण्याचं काम स्वतःकडे घेतलं. पंधरा दिवस मोबाइलवर वाचून त्यांनी एक मागवला. तीस कामं करणारा. पार्सल उघडलं तर आतून अंगाच्या साबणाएवढी वस्तू निघाली. त्यात करवत होती, भिंग होतं, माशाची खवलं काढायचं पातं होतं, आणि एक आकडा होता, जो कशासाठी आहे हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

अडचण एवढीच, की हवी ती वस्तू मिळायची नाही. कात्री शोधायला गेलं की करवत निघायची. हद्दीवर खुणेला लावायच्या झेंड्याची सुतळी कापायची होती तेव्हा साहेब एकेक पातं उघडत बसले आणि गुरवांनी सुतळी दाताने तोडून दुसरा झेंडासुद्धा बांधला.

आणि वजन! महिन्याभरात साहेबांच्या पँटचा खिसा आतून फाटला. एका ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर नकाशा समजावून सांगताना तो चाकू पँटच्या पायातून सरकत खाली आला आणि बुटावर आपटला. सरपंचबाई दचकून उठल्या. साहेबांनी नकाशा वाचणं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सर्वांत आतलं पातं उघडलं. ती दाभणासारखी जाड सुई निघाली, टोकाला भोक असलेली. मग साहेबांनी टॉवेल गुंडाळला आणि जीपच्या मागच्या सीटवर बसून खिसा शिवून काढला. मी त्या वेळी लांब आंब्याखाली उभी होते, हे सांगायला हवं. तिथपर्यंत त्यांचा आवाज आला.

"बघा, उपयोगी आहे की नाही?"

*

इकबालभाईंनी साहेबांकडून धडा घेतला आणि अगदी उलटं केलं. न वाचता, न विचारता जत्रेतल्या एका गाड्यावरून चकचकीत, हलका चाकू उचलला. दिसायला देखणा. उघडायला सोपा. बंद व्हायला त्याहून सोपा, हे दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं. कैरीच्या कोयीवर जोर दिला, तर पातं उलटं मिटलं ते थेट बोटावर.

रक्त बघून मी आधी रुमाल बांधला आणि हात वर धरायला लावला. इकबालभाईंना रक्ताची भीती नव्हती. त्यांना प्रश्न होता जीप कोण चालवणार. साहेबांना गाडी येत नाही, गुरवांना येत नाही. मी नुकतीच शिकले होते.

डॉक्टरांपर्यंत बारा किलोमीटर. इकबालभाई शेजारी हात वर करून बसलेले, शपथ घेतल्यासारखे. पहिल्या वळणावर म्हणाले, मॅडम, गिअर. दुसऱ्या वळणावर फक्त मॅडम म्हणाले. तिसऱ्या वळणापासून डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले.

डॉक्टरांनी दोन टाके घातले. शीर वाचली होती, बोट सगळं हलत होतं. आम्ही सगळे एकदम श्वास सोडून बाकावर बसलो. डॉक्टर म्हणाले की जखमेची काळजी नाही, पण बीपी फारच वाढलंय.

"ते जखमेचं नाय, डॉक्टर," गुरव म्हणाले. "ते वाटेतलं हाय."

*

या तिघांचे अनुभव गाठीशी घेऊन मी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारे गृहस्थ. मी सांगितलं, रोज पर्समध्ये ठेवायचा आहे, मुठीत मावला पाहिजे, आणि उघडलेलं पातं आपणहून मिटता कामा नये. त्यांनी पाच-सहा काढून ठेवले. मी हात ओले करायला पाणी मागितलं तेव्हा ते चमकले. पण आमचं काम घामाच्या हातांनी चालतं. ओल्या बोटांनी एकेक उघडून पाहिला. दोन उघडेचनात. एकाने माझं नख घेतलं. शेवटी लाल मुठीचा एक छोटासा राहिला. एक पातं, तेही उघडल्यावर खटका बसून पक्कं राहणारं. बारकी कात्री, चपटा स्क्रूड्रायव्हर, आणि मुठीत सरकवलेला चिमटा. बस.

घरी नवऱ्याने पाहिला. "अगं, चाकू? कोणासाठी?"

"कशासाठी असं विचार," मी म्हटलं. त्याने त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतः उचललं.

*

चिमट्याचा मान पहिला. गणपतीपुळ्याच्या बाजूला एका बागेची मोजणी होती. जुना हद्दीचा दगड सापडत नव्हता. तो कुठे आहे हे फक्त घरातल्या आजींना ठाऊक, असं सगळे म्हणत होते. आजी बांधावर बसलेल्या. मुलाने विचारलं, पुतण्याने विचारलं, साहेबांनी हात जोडून विचारलं. त्यांचं एकच, मला काय माहीत नाही. दगड सापडला की घरात भांडण होणार आणि आपल्याच तोंडाने ते लागणार, याची त्यांना धास्ती असावी.

मी बघत होते की त्या एक पाय जमिनीला लावतच नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, चार दिवस काटा आहे, घरात कोणाला दिसत नाही. मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला, चिमटा काढला. करवंदीचा काटा, मोडून आत गेलेला. तिसऱ्या खेपेला निघाला. आजींनी पाय टेकून पाहिला. पुन्हा टेकून पाहिला. सगळा चेहराच सैल झाला त्यांचा.

गुरव तिकडे अजून झाडीत दगड शोधत होते.

"त्याला बोलव गो इकडं," आजी मला म्हणाल्या. "कशाला उगाच काट्यात फिरतोय? मी त्या दगडावरच बसलेय."

*

आणि हा शेवटचा. हा आम्ही जीपमध्ये फारसा सांगत नाही, पण चौघांनाही तोच आधी आठवतो.

जयगडकडचं काम आटोपून दुपारी परत येत होतो. एका चढावर रस्त्याच्या मध्येच मोटरसायकल थांबलेली, आणि एक तरुण मागच्या चाकाशी काहीतरी ओढत होता. पंक्चर असेल म्हणून इकबालभाईंनी वेग कमी केला. मग मला दिसलं की मागच्या सीटवर मुलगी आहे आणि तिची मान मागे, खाली वाकली आहे. ओढणी चाकात गेली होती. दुसरं टोक गळ्याभोवती.

जीप थांबायच्या आधीच मी उतरले. गुरवांनी मोटरसायकल उभी धरली, इकबालभाईंनी मुलीचं डोकं आणि खांदे हातांवर तोलून धरले. तो तरुण, तिचा नवरा, चाक उलटं फिरवायचा प्रयत्न करत होता. ते एवढंही हलत नव्हतं. मुलीचे ओठ काळसर झाले होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

ओढणी इतकी आवळली होती की कात्रीचं टोक शिरेना. मी पातं उघडलं. माझी दोन बोटं तिच्या मानेच्या आणि कापडाच्या मध्ये रेटून घातली, पातं बोटांवर आडवं ठेवलं आणि धार बाहेरच्या बाजूला धरून ओढलं. कापड एकदम सुटलं.

ती इकबालभाईंच्या अंगावर पडली. आधी काहीच नाही. मग एक लांब, घरघरता श्वास. मग खोकला. इतका गोड खोकला मी कधी ऐकलेला नाही.

तिला रस्त्याच्या कडेला सावलीत बसवलं. साहेबांनी पाणी दिलं, ते ती घोट घोट प्यायली. गळ्यावर लाल वळ होता, बाकी हातपाय ठीक होते. माझ्या बोटाला थोडं लागलं होतं, ते मला नंतर कळलं. तिचा नवरा भर रस्त्यात मांडी घालून बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. गुरव त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतःचेही डोळे पुसत होते.

मुलीला काहीतरी सांगायचं होतं. तोंड हलत होतं, आवाज फुटत नव्हता. चाकात अडकलेल्या ओढणीकडे बोट दाखवून ती मला जवळ बोलवत होती. मला वाटलं आणखी कुठे दुखतंय. मी वाकून कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"ती वहिनींची आहे," ती म्हणाली. "न विचारता घेतलीय."