रूथमावशीचं वेगळं भांडण

तुम्ही कधी कुणाच्या देवावर जळला आहात का? शेजारणीच्या बंगल्यावर, मैत्रिणीच्या नोकरीवर आपण सगळेच जळतो. ते मी विचारत नाही. जो देव मुळात नाहीच असं तुम्हाला लहानपणापासून शिकवलं, तोच दुसरीच्या घरात मुक्कामाला आहे म्हणून तुमचा जीव जळलाय का? माझा जळतो. अजूनही.

कोरेगावात आमच्या आणि रूथमावशीच्या घराची भिंत एकच. सकाळी भांडी घासताना मावशी देवाशी बोलायची. बोलायची म्हणजे भांडायची. नव्या माणसाला वाटावं, आत नवरा बसलाय आणि मुकाट ऐकून घेतोय. नवरा तर कधीच गेलेला, तिचा मुलगा डॅनियल रांगत होता तेव्हाच. "आता ह्ये काय नवीन काडलंस?" असं ती पातेलं आपटून विचारायची, आणि तेच पातेलं विसळता विसळता त्याचंच गाणं म्हणायची.

आमच्या घरी देवघर नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील लिहायचे, मी घड्या घालायचे. प्रश्न विचार, मान वाकवू नकोस, दुःखाला कारण असतं आणि ते शोधता येतं, यावर मी वाढले. त्यातलं एक वाक्यही मी आज मागे घेत नाही. पण वडील गेले तेव्हा माझ्याकडे कारण होतं, भांडायला मात्र कुणी नव्हतं. आणि भिंतीपलीकडे मावशी माझ्या वडिलांसाठी त्याच्याशी कडाकडा भांडत होती. मी कान लावून ऐकलं. तिथून हा हेवा सुरू झाला.

पुढे डॅनियल विट्याहून येताना मोटारसायकलसकट खड्ड्यात आपटला. कमरेखालचं अंग गेलं, पोरगा अंथरुणाला खिळला. मी पेटून पत्रक लिहिलं: रस्ता, ठेकेदार, कागदावरच झालेली दुरुस्ती. मला वाटलं, मावशी म्हणेल देवाची मर्जी, मग मी तिच्याशी वाद घालेन. तिनं गठ्ठा उचलला आणि रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर मंडळीत स्वतः वाटला.

"खड्डा काय देवानं न्हाई पाडला," ती म्हणाली. "ज्यानं पाडला त्याला तू धर. माजं देवाशी भांडान येगळं हाय."

वेगळं म्हणजे काय, मी विचारलं.

"पोरगं पडलं तवा तू कुटं हुतास, ह्ये. रोज इचारते."

उत्तर मिळतं का, असं मी जरा खवचटपणेच विचारलं.

"न्हाई. पर उठून जात न्हाई त्यो. बसून ऐकतो."

माझ्या पत्रकांना ठेकेदारानं उत्तर दिलं नव्हतं, आणि बसून ऐकलंही नव्हतं.

डॅनियलच्या पाठीला जखमा झाल्या, ताप उतरेना. तेव्हा शहरातून एक प्रचारक आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, आवाज मोठा. त्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, ऊठ म्हणाले. पोरगा उठला नाही. तेव्हा ते मावशीकडे वळून म्हणाले की आईचा विश्वास कमी पडतोय. मी दारातच उभी होते. मनात म्हटलं, आता ही तुटणार. मला ते हवंच होतं. तिचा देव गेला असता तर आम्ही दोघी सारख्या झालो असतो.

मावशीनं आधी त्यांच्या हातात चहा दिला. मग शांतपणे म्हणाली, "आवं, मरियेचा बी ल्योक तिच्या डोळ्यांदेकत क्रुसावर गेला. आदी तिला जाऊन सांगा, तुजा इश्वास कमी पडला म्हून. मग या माज्याकडं."

प्रचारक चहा अर्धा टाकून निघाले. वाया कशाला जाऊ द्यायचा म्हणून उरलेला मावशी प्यायली.

डॅनियल ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे फक्त भांड्यांचा आवाज आला. त्याच्या पुढच्या दिवशीही. ना भांडण, ना गाणं. मला हवं होतं ते झालं होतं, आणि मी पुन्हा पुन्हा भिंतीला कान लावत होते.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी इथले ख्रिस्ती लोक आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावतात, कारण दुसरा दिवस येशू कबरीतून उठल्याचा, आणि पहाटेची उपासना तिथेच असते. त्या शनिवारी मावशी चुन्याची बादली घेऊन आमच्या दारात उभी राहिली. चल म्हणाली. मी म्हटलं, मावशी, मी हे मानत नाही.

"नगं मानूस. बुरूश धर."

तिनं नवऱ्याची कबर रंगवली. मग ज्यांचं मागे कुणी उरलं नाही अशा कबरी घेतल्या. डॅनियलची तर अजून मातीच होती, मातीवर चुना कसा बसणार? भोवतीचे दगड तिनं एकेक करून पुसले आणि पांढरे केले. मग कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघितलं.

"माजं आवरून झालंय," ती म्हणाली. "आता तुजं तू बग."

भांडण परत सुरू झालं होतं. मला हायसं वाटलं, आणि पुन्हा तितकाच जळफळाटही झाला. पुरलेल्या लेकाच्या उशाशी उभं राहून इतक्या हक्कानं कुणाला तरी कामाला लावायचं, हे मला कधी जमणार?

मागच्या थंडीत मावशी गेली. डॅनियलशेजारी आहे. भांडी घासताना मी एकदोनदा तिच्यासारखं बोलून पाहिलं. नळाचं पाणी तेवढं ऐकू आलं. तिचा देव ती मला देऊन गेली नाही. बुरूश मात्र माझ्याकडे आहे.

आता तिचंही मागे कुणी नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्या दफनभूमीत या. लांब असाल तर तुमच्या गावातली, कुणी चुना न लावलेली एखादी कबर शोधा. देव मानता की नाही, हे कुणी विचारणार नाही. बुरूश धरा.