राखणदाराची वाईन

माझ्या माहेरी, गिरगावात, दारू कधी आलीच असेल तर ती होमिओपॅथीच्या गोळ्यांतून. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा कळलं, की इथे वर्षातून एकदा देवालाच क्वार्टर लागते. देव म्हणजे राखणदार, कोकणातल्या घरादारावर नजर ठेवणारा. त्याला कोंबडी-वडे, विडी आणि दारू ठेवायची, मग घरातल्या मोठ्या माणसानं मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मला जाम हसू यायचं.

त्या वर्षी सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी अ‍ॅडमिट व्हायचं, आणि आदल्या दुपारी बाई म्हणतात, "राखण दिल्याशिवाय मी हॉस्पिटलात पाय ठेवूचंय नाय!"

नेमकी निवडणूक. ड्राय डे. नवरा इलेक्शन ड्युटीवर.

"अहो आई, आज कुठून आणू?"

"माझी आवस, तुझ्या घोवाची आजी, दारूबंदीच्या काळात पोटाक रबरी पिशवी बांधून दारू हाडी. पोटुशी समजून पोलीस वाट देयत. आणि तुका एक क्वार्टर जमणा नाय?"

अस्सं डोकं फिरलं माझं! पण बोलता बोलता त्यांनी हॉस्पिटलची फाईल तिसऱ्यांदा उघडून मिटली. घाबरल्या होत्या हो. मग मीही घाबरले आणि टॅक्सी पकडून थेट गिरगावातली खोताची वाडी गाठली.

तिथे माझ्या लहानपणापासूनची एक आंटी नाताळासाठी घरी वाईन करते. तिनं काहीही न विचारता कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत वाईन भरून दिली. रंग अगदी डिट्टो.

परतताना लालबागच्या अलीकडे नाकाबंदी. हवालदारानं पिशवीत डोकावून विचारलं, "काय आहे?"

"कोकम."

"घरचं? वा! द्या की घोटभर, ऊन काय पडलंय."

मेले! "सासूबाईंचं पथ्याचं आहे हो, उद्या ऑपरेशन आहे त्यांचं," असं म्हणताना मला खरंच रडू फुटलं. त्यानं बिचाऱ्यानं घाईघाईनं टॅक्सी सोडली.

घरी बाटली उघडून सासूबाईंनी वास घेतला. "गोड आसा ही."

"त्याला सांगा ना समजावून!"

आणि त्यांनी खरंच सांगितलं. चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कोरफडीच्या कुंडीशी पेला ठेवून, हात जोडून. "बा देवा म्हाराजा, आज सरकारान बंदी केल्यान हा. जा गावला ता गोड मानून घे. माझ्या सुनेन जीव मुठीत धरून हाडल्यान. तिका सुखी ठेव. तिच्या पाठीशी उभो रव."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं आणि थांबले. बाई नमस्कार करून उठायला लागल्या होत्या.

"अहो, ऑपरेशनचं राहिलं!"

"माझा कित्या मागू? म्हातारी झालंय मी."

आता काय म्हणावं या बाईला! मी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि पदर नसलेल्या कुर्त्यातच हात जोडले. मालवणी येत नव्हती, म्हणून गिरगावच्या भाषेत, शेजारच्या फ्लॅटला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "हे राखणदारा महाराजा, माझ्या सासूला चालत्या पायानं घरी आण. मला ती हवी आहे. पुढच्या वेळी परमिट काढून तुझी क्वार्टर आणीन!"

बाईंनी पेला कुंडीकडे अजून थोडा सरकवला. मग पदर तोंडाशी धरून बारीक आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."