ओलं कडियाळं

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही तो मी मानत नाही, आणि भुताखेतांच्या बाबतीतही माझा हाच नियम होता. त्यामुळे हे लिहिताना जरा ऑकवर्ड वाटतंय... तरी लिहिते.

आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहतो. गेल्या मे महिन्यात माझे सासरे पुण्याहून आले. बाबा जनावरांचे डॉक्टर. तीस वर्षं एका रायडिंग क्लबचे घोडे सांभाळलेले. इथे दिवसभर घरात बसून कंटाळायचे, म्हणून निखिलने, माझ्या नवऱ्याने, त्यांना मेटल डिटेक्टर आणून दिला. आमच्या घरामागे डोना नावाच्या आजींचं पडीक कुरण आहे. त्यांनी खुशाल खणा म्हणून सांगितलं.

एका शनिवारी हातभर खोल एक गंजलेलं लोखंड सापडलं. दोन कड्या, मध्ये सांधा असलेली दांडी. मला ते दाराचं काहीतरी वाटलं.

"कडियाळं आहे हे," बाबा म्हणाले. "लगामाचा घोड्याच्या तोंडात जातो तो भाग. शंभरएक वर्षांचं असेल. डावीकडे बघ किती झिजलंय... फार ओढून चालवलेला घोडा."

त्यांनी ते व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रशने घासलं आणि गॅरेजमधल्या टेबलावर कागदावर वाळत ठेवलं.

सकाळी तो कागद भिजलेला होता. कडियाळ्यावर हिरवट फेस होता आणि त्यात चावलेल्या गवताचे तुकडे.

बाबांनी बोटावर घेऊन वास घेतला. त्यांचा चेहराच उतरला. "मानसी, हे आत्ता तोंडातून काढलंय."

मी हात लावला. लोखंड कोमट होतं.

निखिलला सांगितलं तर तो हसला. "यार बाबा, बीपीची गोळी घेतलीत ना?"

सोमवारी निखिल ऑफिसला गेला होता, मी घरूनच काम करत होते. दुपारी मीटिंग चालू असताना गॅरेजमधून आवाज यायला लागला... खळ्, खळ्. दातांत लोखंड चघळल्यासारखा. मी म्यूट करून धावले.

बाबा गॅरेजच्या मधोमध उभे. दोन्ही मुठी छातीशी घट्ट आवळलेल्या, अंग मागे रेललेलं. समोर काहीच नव्हतं. आणि तरी ते ओढले जात होते — स्लिपर काँक्रीटवर घासत, वीत वीत पुढे, बाहेरच्या, बटनावर उघडणाऱ्या दाराकडे.

"हो राजा... हो..." ते घोड्याला चुचकारावं तसं हळू आवाजात म्हणत होते. मला बघून ओरडले, "दाराचं बटन दाबू नकोस!"

मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. माझेही पाय सरकले. मग एकदम ओढ सुटली आणि आम्ही दोघं मागे आपटलो. कडियाळं टेबलावरच होतं, ओलं.

बाबांच्या दोन्ही तळहातांची कातडी सोलवटली होती, बोटभर रुंद पट्ट्यांत. क्लिनिकमधल्या डॉक्टरने बघताक्षणी रोप बर्न म्हटलं आणि विचारलं, दोर कसला होता? त्या लोखंडाला चामड्याचा साधा धागाही नव्हता.

घरी येताच कडियाळं घेऊन मी बाबांबरोबर कुरणात गेले आणि ते होतं त्याच खड्ड्यात पुरलं. परत येताना विचारलं, "बाबा, तो घोडाच होता?"

"घोडाच. पण घोड्याची भीती नाही गं वाटली मला." ते बँडेज केलेल्या हातांकडे बघत होते. "घोडा असा ओढतो तो पळून जायला. माझ्या पाठीमागे काहीतरी होतं, त्याला तो बिचकला होता. मला वळून बघायचा धीर झाला नाही. तू मागून आलीस... तुला काही दिसलं?"

मला काहीच दिसलं नव्हतं. तसं मी सांगितलं, पण त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

बाबा ठरल्यापेक्षा दोन महिने आधीच पुण्याला परत गेले. निखिल म्हणतो स्ट्रेस. आमचं वॉशिंग मशीन गॅरेजमध्येच आहे. भर दुपारी कपडे टाकायला गेले तरी सारखी मागे वळून बघते.