फॉर्मवरचं दाजींचं नाव

क्रेडिट कार्डाचे पैसे भरणं बंद कर, हा सल्ला मला फुकटात मिळाला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं टॉवेलच्या कडा शिवून देण्याचं छोटं युनिट आहे. एका बड्या पार्टीने माल उचलला आणि पैशाचं विचारल्यावर माझं नावच विसरली. बायकांची मजुरी, दोऱ्याचं बिल, लाईटबिल, सगळं मी कार्डावर ढकलत गेलो. व्याज उरावर बसलं. तेव्हा शेजारच्या गाळ्यातला एक जण चहा पिता पिता म्हणाला, "भरायचंच बंद कर की. थोडे दिवस कळ काढ. बँकच हात जोडत येती." बोलायला त्याचं काय जात होतं? पण मला तो लई शहाणा वाटला.

भरणं बंद केलं. आधी गोड आवाजाची एक मुलगी 'सर, सर' करायची. मग आवाज बदलले आणि सरचा 'ए' झाला. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत दोघे बाईकवरून आले आणि माझं दार समोर दिसत असताना शेजारच्या चार घरांत माझं नाव घेऊन चौकशी करत फिरले. त्यांना पत्ता नको होता, तमाशा हवा होता. समोरच्या वहिनींनी त्यांना पाणी दिलं आणि उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. नव्या मशीनच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेलो, तर साहेबांनी कर्जफेडीचा स्कोअर बघून कागद न वाचताच परत दिले. मी मेल बघणं सोडलं. अनोळखी नंबर दिसला की फोन पालथा घालायचो.

मग एकाएकी फोन थांबले. मला वाटलं, आपण जिंकलो. खरंच तसं वाटलं. त्या खुशीत मी करकंबला अक्काकडे गेलो. अक्का माझी थोरली बहीण, दाजी तिथल्या शाळेत शिपाई. ते नवं घर बांधत होते. स्लॅबसाठी दाजींनी फंडातून पैसे काढले होते.

गेलो तर भिंती उभ्या आणि वर पत्रे.

"जयभीम दाजी. स्लॅबचं काय झालं?"

"पडंल की सावकाश," म्हणत दाजींनी विषय बदलला.

जेवताना मी फुशारकी मारली, "बँक गप बसली बघा. न भरता सुटलो."

अक्काने भाकरीची टोपली खाली आदळली. "गप बसली न्हाय. यांनी भरलं पैसं. तूच यांना जामीन ठेवलंस न्हवं?"

कार्ड काढताना फॉर्मवर रेफरन्स मागितला होता. मी दाजींचा नंबर दिला होता, तोही त्यांना न विचारता. रेफरन्स म्हणजे नुसती ओळख, त्याच्यावर एका पैशाची जबाबदारी नसते. पण दाजींनी आयुष्यभर पतसंस्थेचं कर्ज बघितलेलं. तिथे फॉर्मवर दुसरं नाव असतं ते जामीनदाराचं. अक्का सांगत गेली तसं कळलं. वसुलीवाल्यांनी शाळेत फोन लावले, "तुमचं नाव फॉर्मवर आहे, पगारातून कापून घेऊ," म्हणाले. धादांत खोटं, आणि त्या हरामखोरांना ते पक्कं ठाऊक होतं. हेडमास्तरांसमोर शोभा झाल्यावर दाजींनी सिमकार्ड बदललं. नव्या नंबरवरून मला विचारायला फोनावर फोन केले. नंबर अनोळखी, मी एकही उचलला नाही. तोवर अक्काला कळू नये म्हणून त्यांनी तिच्या फोनवरून लावला नाही. शेवटी अक्काला सांगून स्लॅबचे पैसे दिले, सेटलमेंट करून मोकळे झाले, आणि तिला बजावलं की मला सांगायचं नाही, मी मनाला लावून घेईन. एवढं करून माझ्या नावापुढे आता 'सेटल्ड' असा शिक्का आहे, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीत मिटवलेलं. त्याच्यावर कुठलीच बँक दारात उभं करत नाही.

हात धुवायला दाजींबरोबर बाहेर आलो. गप्प बसायला हवं होतं, पण राहवलं नाही.

"दाजी, रेफरन्स म्हणजे जामीन नव्हे. तुम्हाला भरायची काही गरज नव्हती."

"कायबी न्हाय?"

"काहीच नाही."

दाजी भिंतीला टेकून उभे राहिले. टॉवेलने हात पुसले, पुन्हा पुसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हिला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "जामीन हुतो, भरावंच लागलं, असं वाटतंय तिला. म्हणून सोसलंय तिनं."

तेवढ्यात अक्का दारात आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुन्यांदा यांना जामीन ठेवू नगंस. झेपत न्हाय आमाला."

दाजी खाली बघत होते.

"व्हय अक्का," मी म्हणालो. "नाही ठेवणार."